स्कूल बसमध्ये मूल अचानक आजारी पडलं तर ड्रायव्हरने काय करायचं, बावीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो

एका नवीन ड्रायव्हर भावाने विचारलंय की जूनपासून शाळेची बस हातात घेतोय, बेचाळीस मुलं आहेत, त्यातल्या एका मुलाला फिट येते असं त्याच्या आईने सांगितलंय, तर रस्त्यात फिट आली तर करायचं काय, गाडी तशीच दवाखान्यात पळवायची का थांबायचं, आणि उद्या काही कमीजास्त झालं तर पोलीस केस माझ्यावर येते का. तिन्हीची उत्तरं देतो, जरा लांबेल पण शेवटपर्यंत वाचा. मी पुण्यात धायरी, वडगाव, सिंहगड रोड असा रूट बावीस वर्षं मारतोय, आधी व्हॅन होती, आता मोठी बस आहे. डॉक्टर नाही. जे सांगतोय ते दोन वेळा केलेल्या प्रथमोपचाराच्या कोर्समधून, मुलांच्या डॉक्टरांना विचारून विचारून, आणि काही चुका स्वतः करून शिकलोय.

पहिली चूकच सांगतो. 2006 ची गोष्ट, व्हॅनमध्ये तिसरीतल्या पोराला फिट आली. मी घाबरलो आणि ॲक्सिलेटर दाबला. दवाखाना अडीच किलोमीटरवर, हॉर्न वाजवत निघालो, मागे मुलं किंचाळतायत, आणि तो पोरगा सीटवरून खाली दोन सीटच्या मधे घसरला, कपाळ लोखंडी पट्टीवर आपटलं. दवाखान्यात पोचेपर्यंत फिट थांबली पण होती. डॉक्टर म्हणाले फिट तर आपोआप थांबली असती, हे चार टाके तुमच्या पळापळीचे. त्याच्या आईने मला एक शब्द बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं. त्या दिवसापासून नियम एकच, फिट चालू असताना चाक फिरणार नाही.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, गाडी डावीकडे घ्या आणि थांबवा. इंडिकेटर, हजार्ड लाईट, हँडब्रेक, किल्ली काढून खिशात. किल्ली खिशात का म्हणतो तर आपण मागे धावतो आणि पुढे एखादं चळवळं पोरगं स्टेअरिंगवर जाऊन बसतं, हे मी बघितलंय. दार उघडायचं नाही, मुलं घाबरून रस्त्यावर उतरतात आणि मग एकाची आणीबाणी होती ती चौघांची होते. पुलावर किंवा वळणावर असाल तर तेवढं शंभर-दोनशे मीटर हळू पुढे जाऊन सुरक्षित जागा बघा, तोपर्यंत मावशीने, म्हणजे अटेंडंटने, मूल सीटवरून पडणार नाही असं नुसतं सावरायचं.

मग पहिलं काम घड्याळ बघायचं. खरंच सांगतो, आधी घड्याळ. कारण दवाखान्यात पहिला प्रश्न हाच येतो की किती वेळ चालली, आणि आपल्याला तिथे तो एक मिनिट दहा मिनिटांसारखा वाटतो. मोबाईलचं स्टॉपवॉच चालू करून मोठ्या मुलाच्या हातात द्या. मुलाला दोन सीटमधल्या वाटेवर खाली घ्या आणि एका कुशीवर करा, तोंड जमिनीकडे जरा झुकेल असं, म्हणजे लाळ, उलटी जे काय असेल ते बाहेर पडेल, घशात जाणार नाही. डोक्याखाली काहीतरी मऊ, आमच्या मावशी ओढणीची घडी घालतात. टाय, शर्टाचं वरचं बटण, आयडी कार्डची दोरी सैल करा, चष्मा काढा. आजूबाजूची दप्तरं, बाटल्या, डबे बाजूला सारा. आणि मग हात धरून दाबून ठेवायचं नाही. झटके थांबवता येत नाहीत, दाबलं तर हाड मोडू शकतं नाहीतर सांधा निखळतो.

तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही. चमचा नाही, रुमाल नाही, बोट तर नाहीच. जीभ गिळली जाते हे खोटं आहे, जीभ गिळता येतच नाही. दात तुटून श्वासनलिकेत जाऊ शकतो, बोट मात्र नक्की तुटतं. पाणी पाजायचं नाही, तोंडावर मारायचं पण नाही. आणि आपल्याकडचं खास म्हणजे कांदा आणि चप्पल. गाडी थांबली की कुठूनतरी माणसं जमतात आणि हमखास एक जण चप्पल काढतो. विठ्ठलवाडीजवळ एकदा एक आजोबा बिचारे कळवळून भाजीवाल्याकडचा कांदा फोडून घेऊन आले होते. त्यांना रागावलो नाही, म्हटलं बाबा, तुम्ही एक करा, मागची वाहनं जरा हळू करा हाताने. माणसाला मदत करायचीच असते, त्याला काम दिलं की तो कांदा बाजूला ठेवतो.

बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत थांबतात. पाच मिनिटं झाली आणि थांबली नाही तर 108 ला, म्हणजे सरकारी ॲम्ब्युलन्सला, फोन. त्याच्या आधीच 108 लावायचा कधी, तर मुलाला आयुष्यात पहिल्यांदाच फिट आली असेल, एक थांबून शुद्धीवर न येता दुसरी सुरू झाली, डोक्याला मार लागलाय, मुलाला शुगरचा आजार आहे, किंवा झटके थांबल्यावर श्वास नीट दिसत नाही. काही मुलांच्या डॉक्टरांनी फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे दिलेला असतो. तो स्प्रे वापरायचा असेल तर आईवडिलांचं लेखी पत्र, डॉक्टरांची चिठ्ठी आणि किती वेळाने किती मारायचा हे डॉक्टरांनी किंवा आईने मावशीला आणि तुम्हाला प्रत्यक्ष दाखवलेलं, या तिन्ही गोष्टी हव्यात. नसेल तर हात लावायचा नाही.

फिट थांबल्यावर मूल गाढ झोपतं किंवा भांबावल्यासारखं करतं, कुशीवरच राहू द्या. आणि एक गोष्ट कोर्समध्ये फार सांगत नाहीत. फिटमध्ये मुलाची लघवी होते. पाचवी-सहावीतलं मूल शुद्धीवर येतं, आजूबाजूला चाळीस डोळे, आणि पँट ओली. फिटची त्याला आठवण पण नसते, पण ही गोष्ट ते विसरत नाही. म्हणून ड्रायव्हर सीटच्या मागे एक चादर कायम ठेवा, फिट सुरू झाली की लगेच कमरेपासून खाली पांघरूण घाला, आणि बाकी मुलांना तोंडं खिडकीकडे करायला सांगा. कुणी मोबाईल काढला, मुलाने काढू दे नाहीतर बाहेरच्या माणसाने, तर ठामपणे बंद करायला लावा. आमच्या गाडीत एक जुनी पण धुतलेली ट्रॅक पँट पण असते. दोन वर्षांत एकदा लागते, पण लागते.

आता दुसरा प्रश्न, पळवायची का थांबायचं. याचं एका वाक्यात उत्तर नाही. मी असा विचार करतो, मुलाला आत्ता या मिनिटाला हाताची गरज आहे का? फिट चालू आहे, घशात काही अडकलंय, श्वास बंद पडलाय, रक्त धो धो वाहतंय, तर हात इथेच हवेत, गाडी उभी, 108 ला फोन. श्वास बंद असताना गाडी पळवणं म्हणजे पाच-सात मिनिटं काहीच न करणं, आणि मेंदूला तेवढा वेळ नसतो. पण मूल शुद्धीवर आहे, श्वास घेतंय, मावशी शेजारी बसून धरू शकतेय, आणि दवाखाना पाच मिनिटांवर आहे, म्हणजे हात मोडलाय, टाके पडतील असं लागलंय पण दाबून रक्त थांबलंय, पंप देऊनही दमा पूर्ण बसत नाहीये, तर सकाळी सातच्या आत रस्ता मोकळा असतो, मी सरळ नेतो. तेच संध्याकाळी साडेपाचला राजाराम पुलाच्या आसपास तुंबलेलं असताना मोठी बस घेऊन फसण्यापेक्षा 108 मागवलेली बरी, त्यांच्या गाडीत ऑक्सिजन असतो आणि डॉक्टर असतो. महाराष्ट्रात ही सेवा 2014 साली सुरू झाली तेव्हा 937 गाड्या होत्या, मोफत आहे, एक रुपया द्यायचा नाही. दोन्हीपैकी काही ठरत नसेल तर 108 लावा, ते फोनवर पण सांगतात काय करायचं.

फोन करताना लोक गडबडतात. तिकडचा माणूस विचारतो नेमकं कुठे, आणि आपण म्हणतो सिंहगड रोडला. सिंहगड रोड केवढा लांब आहे! कुठल्या चौकाच्या अलीकडे का पलीकडे, पुलाच्या वर का खाली, शहराकडे जाणारी बाजू का येणारी, समोर कुठलं दुकान, बसचा रंग पिवळा आणि नंबर. मग मुलाचं वय, शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, काय झालं. एवढं सांगून आपण आधी फोन ठेवायचा नाही. मी रूटवरच्या प्रत्येक स्टॉपजवळची खूण आणि त्या पट्ट्यातला चोवीस तास चालू असणारा जवळचा दवाखाना असा कागद करून लॅमिनेट करून डॅशबोर्डवर चिकटवलाय. दवाखाना निवडताना नुसता बोर्ड बघू नका, जाऊन विचारा की सकाळी पावणेसातला मुलांचा डॉक्टर असतो का. मी विचारलं तेव्हा माझ्या रूटवर फक्त दोन ठिकाणी हो आलं.

तुम्ही फिटचं विचारलंत, पण खरं सांगायचं तर फिटपेक्षा जास्त वेळा दमा येतो, उलट्या येतात, घोळणा फुटतो आणि मारामारीत दात पडतो. म्हणून ते पण सांगतो.

दम्याचं आधी, कारण त्यात आपला पण दोष असतो. आपण सकाळी गाडी पुसतो, गणपतीपुढे अगरबत्ती लावतो, काच बंद, मग पाच-सहा मुलं त्या धुरात येऊन बसतात. मी पण लावायचो. एका मुलीला आठवड्यात तीनदा खोकल्याची उबळ आली, तिच्या डॉक्टरांनी आईला विचारलं, आईने मला विचारलं, तेव्हा लक्षात आलं. आता घरी लावतो, गाडीत नुसता हार. परफ्युमच्या बाटल्या, झुरळांचा स्प्रे शाळा सुरू असताना गाडीत नाही, स्प्रे मारायचा तर शनिवारी मारून रविवारभर काचा उघड्या. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा आठवडा आणि डिसेंबरची थंडी, यात जास्त लक्ष ठेवा.

दमा आलेल्या मुलाला आडवं करायचं नाही, ताठ बसवायचं, पुढच्या सीटला हात टेकून जरा पुढे झुकलेलं त्याला बरं वाटतं. निळा पंप स्पेसरला, म्हणजे तोंडाला धरायच्या प्लास्टिकच्या नळकांड्याला लावायचा, आधी हलवायचा, एक दाब, मग चार-सहा सावकाश श्वास, मग दुसरा दाब, असे चार. चार मिनिटं थांबून फरक नसेल तर परत चार. मुलाच्या डॉक्टरांनी वेगळं लिहून दिलं असेल तर तेच खरं. पंप दप्तराच्या तळाशी, वह्यांच्या खाली, भूमितीच्या डबीबरोबर असतो, म्हणून आईला सांगा की पुढच्या छोट्या कप्प्यात ठेवा, आणि मावशीला तो कप्पा माहीत पाहिजे. ओठ निळसर, बोलताना एक वाक्य पूर्ण होत नाही, बरगड्यांमधली कातडी आत खेचली जातेय, मान-खांदे वर उचलून श्वास घेतंय, असं दिसलं तर पंप चालू ठेवून 108. आणि आधी घरघर आवाज येत होता, आता आवाज बंद झाला पण मूल थकलेलंच आहे, तर बरं झालं समजू नका. हवाच आत जात नाहीये.

त्यावरून एक सवय सांगतो. आरशात बघताना आपण दंगा करणाऱ्यांकडे बघतो. रडणारं, ओरडणारं मूल श्वास घेतंय, त्याच्याकडे एक मिनिट उशिरा बघितलं तरी चालतं. रोज बडबड करणारं मूल गप्प बसलंय, त्याच्याकडे आधी बघा. आमच्या सातवीतल्या एका मुलीला शुगर आहे, टाईप वन, इन्सुलिन घेते. एकदा दुपारी परतताना ती मैत्रिणीवर उगाच चिडली, मग खिडकीला डोकं टेकून गप्प. मावशीने हात लावला तर घामाने थंडगार. शुगर उतरली होती. अशा वेळी मूल गिळू शकत असेल तर लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, नाहीतर फ्रुटीसारखा साखरेचा रस, शुगर फ्री काही नको, पंधरा मिनिटांनी परत बघायचं, नाही बरं वाटलं तर परत तेवढंच, आणि बरं वाटल्यावर बिस्किट किंवा पोळी. बेशुद्ध होत असेल तर तोंडात काही नाही, कुशीवर आणि 108. तिच्या वडिलांनी आमच्या पेटीत ग्लुकोजची दोन पाकिटं ठेवलीत आणि दर तीन महिन्यांनी बदलतात. अशा मुलांना गाडीत खायची बंदी लावू नका.

बाकीच्यांना मात्र चालत्या गाडीत खाणं बंद. शेंगदाणे, फुटाणे, गोल गोळ्या, जेली, याच गोष्टी अडकतात, आणि गाडी खड्ड्यातून गेली की अडकतात. मूल जोरात खोकतंय तर खोकू द्या, पाठीवर थापा मारू नका. खोकला बंद, आवाज बंद, हात गळ्याशी, तर गाडी बाजूला घेऊन त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने पाच जोरदार फटके. नाही निघालं तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या जरा वर मूठ ठेवून आत-वर असे पाच झटके. परत पाच-पाच, निघेपर्यंत. तोंडात दिसत नसलेली वस्तू बोटाने शोधायची नाही, आत ढकलली जाते. मूल निपचित पडलं तर खाली झोपवून सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं. आणि हे वाचून जमत नाही. हाताला तो जोर किती लावायचा ते पुतळ्यावर करूनच कळतं, रेड क्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचे कोर्स असतात, तुम्ही आणि मावशी दोघांनी करा. तिथे तुम्हाला तीस वेळा छाती दाबून दोन श्वास, मिनिटाला शंभर ते एकशेवीसचा वेग, छातीच्या एक तृतीयांश खोल, हे अंगात बसेपर्यंत करून घेतात. पहिल्यांदा केलं तेव्हा दोन मिनिटांत माझे दंड भरून आले होते, मावशी आणि मी आलटून पालटून केलं.

बाकीचं पटकन. घोळणा फुटला तर डोकं मागे नाही, पुढे वाकवायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा मिनिटं सोडायचा नाही, तोंडाने श्वास. चक्कर आली, परीक्षेच्या दिवसात उपाशी येणारी मुलं पडतात, तर आडवं करून पाय दप्तरावर वर. जखमेवर हळद, कॉफी, चहा पावडर नाही, स्वच्छ कापड आणि दाब. दात पडला आणि तो कायमचा दात असेल, म्हणजे मूल सात-आठ वर्षांच्या वरचं आणि पुढचा मोठा दात, तर तो मुळाला हात न लावता पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, घासायचा नाही, थंड दुधात टाकून अर्ध्या-एक तासात डेंटिस्टकडे, परत बसतो. सकाळी सात वाजता दूध कुठेही मिळतं. डोक्याला मार लागला आणि नंतर उलटी झाली, झोप यायला लागली, बोलणं विसंगत झालं तर वाट बघायची नाही. मधमाशी चावून किंवा काही खाऊन अंगावर गांध्या आणि सोबत ओठ-जीभ सुजणं, श्वास लागणं, तर ही ॲलर्जी मिनिटांत वाढते, लगेच 108 किंवा जवळचा दवाखाना, तिथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शनच लागतं, घरच्या गोळीने भागत नाही.

पेटीत गोळ्या ठेवू नका. क्रोसिन नाही, उलटीची गोळी नाही, ॲस्पिरिन तर लहान मुलाला नाहीच. मुलगी म्हणते काका डोकं दुखतंय, आणि आपण मायेने गोळी देतो, आणि तिला त्याचीच ॲलर्जी निघते. गॉज, क्रेप बँडेज, त्रिकोणी पट्टी, ग्लोव्ह्ज, कात्री, ग्लुकोज, प्लास्टिक पिशव्या, चादर, टॉर्च. एवढं बास. 2011 च्या स्कूल बस नियमावलीत पेटी आणि अटेंडंट दोन्ही सांगितलंय, पण पासिंगच्या दिवशी नवी असलेली पेटी फेब्रुवारीत उघडली तर अर्धी रिकामी असते, म्हणून मी महिन्याच्या एक तारखेला उघडून बघतो.

108 आली की मावशी ॲम्ब्युलन्समध्ये मुलाबरोबर जाते, तुम्ही बस सोडून जायचं नाही, एकेचाळीस मुलं तुमच्याकडे आहेत. शाळेला फोन, शाळा दुसरी गाडी किंवा शिक्षक पाठवते. मावशी नसेल तर शाळेतलं कुणी येईपर्यंत सोसायटीतल्या ओळखीच्या एखाद्या पालकाला उभं करा. मुलगी असेल आणि मावशी नसेल तर संकोच करून वेळ घालवू नका, मोठ्या मुलींना जवळ उभं करा, काय करतोय ते मोठ्याने बोलत बोलत करा.

आईवडिलांना फोन करताना पहिला शब्द घाबरू नका हा नको. त्या शब्दानेच माणूस घाबरतो. मी म्हणतो, बसकाका बोलतोय, तुमचा मुलगा माझ्यासमोर आहे, श्वास घेतोय, फिट आली होती तीन मिनिटं, आता थांबली, अमुक दवाखान्यात नेतायत, मावशी सोबत आहेत, तुम्ही सरळ तिकडेच या आणि टू-व्हीलरवर येऊ नका, रिक्षाने या. जे खरं असेल तेवढंच सांगायचं, बरा आहे असं माहीत नसताना बरा आहे म्हणायचं नाही. आणि फोन लागला पाहिजे! फॉर्मवर वडिलांचा नंबर असतो, वडील चाकणला कंपनीत फर्स्ट शिफ्टला, मोबाईल लॉकरमध्ये. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक नंबरला सकाळी सात वाजता फोन लावून बघतो. बेचाळीसमधले सात-आठ तरी लागत नाहीत, मग आजी, शेजारी, मामा, जो उचलतो त्याचा नंबर घेतो.

पोलीस केसचं. आजारी मुलाला मदत केली, दवाखान्यात नेलं, म्हणून ड्रायव्हरवर केस होत नाही. अपघात झाला असेल तर वेगळं आहे, तिथे मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं ही आपली जबाबदारीच आहे, पळून गेलात तर गुन्हा. अपघातात मदत करणाऱ्या तिऱ्हाइतासाठी 2019 च्या दुरुस्तीत 134 अ हे संरक्षणाचं कलम आलंय, ते रस्त्यावरच्या लोकांना सांगत जा, म्हणजे ते हात लावायला भीत नाहीत. आणि दवाखान्यात कुणी म्हणालं आधी पालकांना बोलवा, डिपॉझिट भरा, तर शांतपणे सांगा की इमर्जन्सीत जीव वाचवायचे उपचार आधी द्यायचे हे सुप्रीम कोर्टाने 1989 सालीच सांगितलंय. मला एका ठिकाणी असं अडवलं होतं, आवाज न चढवता एवढंच म्हणालो आणि आत घेतलं. आपल्याला अडचण येते ती लपवल्याने. मूल पडलं आणि आपण सांगितलंच नाही, रात्री घरी त्याला उलट्या झाल्या, मग खरी केस. गाडीत एक वही ठेवा, तारीख, वेळ, काय झालं, काय केलं, कुणाला किती वाजता फोन केला, मावशीची सही. त्याच दिवशी लिहायचं.

आता त्या फिट येणाऱ्या मुलाच्या आईला शाळा सुरू व्हायच्या आधी घरी जाऊन भेटा, फोनवर नको. औषध रोजचं कुठलं, शेवटची फिट कधी आली, किती मिनिटं चालते, डॉक्टर कोण हे विचाराच, पण एक प्रश्न विसरू नका, फिट यायच्या आधी तो काय करतो? बऱ्याच आयांना माहीत असतं आणि कुणी विचारत नाही म्हणून त्या सांगत नाहीत. माझ्या गाडीत आता सहावीत असलेला एक मुलगा आहे, त्याची आई म्हणाली, काका, तो बोलायचा थांबतो आणि ओठ चाटत बसतो, मग एका मिनिटात सुरू होतं. त्याला मी दुसऱ्या रांगेत वाटेच्या बाजूला बसवतो, आरशात चेहरा दिसेल असा. गेल्या डिसेंबरात सकाळी 6 वाजून 52 मिनिटांनी तो आरशात ओठ चाटताना दिसला. मी इंडिकेटर दिला, मावशीला नुसतं नावाने हाक मारली, तिने त्याचं दप्तर काढलं, ओढणी अंथरली, चादर हातात घेतली, आणि गाडी पूर्ण थांबल्यावर मग ती फिट आली. दोन मिनिटं दहा सेकंद. शुद्धीवर आल्यावर त्याने विचारलं, काका, शाळा आली का?